सिंहगर्जना, तिरपी आणि पोकळ: देवनागरीत रेट्रो आउटलाइन इटॅलिक शीर्षक कसं घडवावं

कबड्डीच्या जर्सीवर, ढोल-ताशा पथकाच्या टी-शर्टवर, क्रिकेट स्पर्धेच्या फ्लेक्सवर सत्तरच्या दशकातला एक थाट हमखास खुलतो: उजवीकडे झुकलेली, आतून पोकळ आणि कडेनं ठसठशीत रेघ असलेली अक्षरं. नाव इंग्रजीत असेल तर काम सोपं आहे. जाड फाँट निवडा, तिरपा करा, भरलेला रंग काढा, कडेला रेघ द्या. मराठी नावाला हीच कृती लावली की शिरोरेषेवर प्रत्येक जोडापाशी उभी रेघ उमटते, वेलांटीच्या मुळाशी फुली पडते आणि शब्द तुकडे चिकटवल्यासारखा दिसतो. अशी कामं छापूनही येतात आणि वर्षभर दुकानावर लटकतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. कारण दुरुस्ती अवघड नाही. देवनागरीत बाह्यरेषा शब्दाला द्यायची असते, अक्षराला देऊन चालत नाही. पुढची सगळी कृती या एका गोष्टीवर उभी आहे.

नमुन्यासाठी ‘सिंहगर्जना’ हा शब्द घेऊ. पहिली वेलांटी, तिच्यावर अनुस्वार, ‘ह’ची वळणं, ‘ग’चा सुटा दंड, ‘ज’वरचा रफार आणि शेवटी काना अशी सगळी अवघड ठिकाणं त्यात एकत्र आहेत. हा शब्द जमला तर बहुतेक नावं जमतील.

हा थाट आला कुठून

इटॅलिक अक्षर जन्माला आलं व्हेनिसमध्ये. आल्डस मॅन्युशियसच्या छापखान्यासाठी फ्रान्चेस्को ग्रिफोनं ते कोरलं आणि १५०१ पासून त्यात पुस्तकं निघू लागली. ते हस्ताक्षराच्या वळणाचं, नाजूक अक्षर होतं. आपण ज्याला रेट्रो म्हणतो ते वेगळं आहे. ते मूळ सरळ, जाड आणि बिनटोकाचं अक्षर असून सबंध एका बाजूला कललेलं असतं. वेग, खेळ, मोटारी आणि डिस्को यांच्याशी त्याचं नातं जुळलं ते विसाव्या शतकात.

त्याच्या प्रसाराला तंत्र कारणीभूत ठरलं. शिशाच्या खिळ्यांत पोकळ अक्षराची बारीक कड लवकर झिजायची आणि तिरप्या अक्षराचा खिळ्याबाहेर आलेला भाग मोडायचा. अक्षरं फोटोच्या फिल्मवर घडू लागल्यावर ही अडचण संपली. भिंगानं अक्षर कलवता यायचं. मूळ अक्षर आणि त्याची किंचित फुगवलेली प्रत एकमेकांवर ठेवून कडही काढता यायची. साठच्या दशकात लेट्रासेट या कंपनीचे अक्षरं घासून उमटवायचे कागद आले आणि छोट्या जाहिरात कार्यालयांनाही असली अक्षरं परवडू लागली. कॉलिन ब्रिग्नलनं १९७० साली लेट्रासेटसाठी केलेलं ‘सुपरस्टार’ हे आतून रेघ सोडलेलं, खेळाडूंच्या गणवेशाची आठवण देणारं अक्षर त्या काळाचा चांगला नमुना आहे.

फिल्मवरची ती ‘फुगवलेली प्रत’ लक्षात ठेवा. देवनागरीचा गुंता सोडवायला पुढे तिचाच उपयोग होणार आहे.

आधी माप, मग अक्षर

शब्द कुठे आणि किती मोठा जाणार हे आधी ठरवावं, कारण रेघेची जाडी त्यावरच ठरते. हिशेब सोपा आहे. फाँटचा चौकोन १००० एककांचा धरा. कडेची रेघ १८ एकक ठेवली आणि शब्द २४ पॉइंटात छापला तर रेघ येते ०.४३ पॉइंट, म्हणजे साधारण ०.१५ मिलिमीटर. कागदावर ती कशीबशी टिकेल, कापडावर स्क्रीन प्रिंटिंगमध्ये मात्र तुटेल. पडद्यावर तीच रेघ पूर्ण एक पिक्सेल भरायला अक्षर निदान ५६ पिक्सेलचं हवं. म्हणून हे अक्षर शीर्षकाचंच आहे. छोट्या आकारात वापरायचंच असेल तर रेघ ३० एककांपर्यंत जाड करावी आणि त्या मानानं मूळ अक्षरही जाड घ्यावं.

माझा ठोकताळा असा: दंडाची एकूण जाडी १२० ते १५० एकक, आणि दोन कडांमधली मोकळी जागा एका कडेच्या निदान तिप्पट. १२० चा दंड आणि १८ ची कड असेल तर आत ८४ उरतात, ते पुरेसे आहेत. कड ३० केली तर १२० मधून ६० च उरतात. अशा वेळी शब्द पोकळ दिसायच्या ऐवजी दोन-दोन रेघांनी लिहिल्यासारखा दिसतो.

मूळ फाँट

जाडी जवळपास एकसारखी असलेला, साधा, ठळक फाँट घ्यावा. बोरूच्या वळणाचे जाड-बारीक फाँट इथे नकोत. त्यांच्या बारीक भागात दोन कडा एकमेकींना भिडतात. फाँट घडवणाऱ्या मुंबईच्या ‘एक टाइप’चे ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ हे दोन्ही फाँट गूगल फाँट्सवर मोफत मिळतात. ‘मुक्ता’चं सर्वांत जाड वजन टोकदार, खेळाच्या कामाला चालतं. ‘बालू’ गोलसर आहे, त्यामुळे खाऊगाडी किंवा मुलांच्या शिबिराला तो शोभतो. त्याच मंडळींचा ‘मोदक’ मला फार आवडतो, पण या कामाला तो घेऊ नये. त्यातल्या पोकळ्या मुळातच चिरेएवढ्या आहेत, कड आली की त्या बुजतात. हे फाँट खुल्या परवान्याचे आहेत. त्यांच्यावरून बोधचिन्ह करायला काहीच आडकाठी नाही. बदललेला फाँट म्हणून पुढे वाटायचा असेल तर परवाना नीट वाचावा: तो त्याच परवान्याखाली द्यावा लागतो आणि राखीव केलेलं मूळ नाव वापरता येत नाही.

सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडायला विसरू नका. बऱ्याच फाँटमध्ये ‘ल’ आणि ‘श’ची मराठी वळणं असतात, पण भाषा सांगितल्याशिवाय ती येत नाहीत, हिंदी वळणं येतात. मोठ्या शीर्षकात परका ‘ल’ लगेच डोळ्यांत खुपतो. इलस्ट्रेटर या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये देवनागरीला साथ देणारा ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर चालू असायला हवा, नाहीतर वेलांटी ‘स’च्या उजवीकडे जाऊन बसते. त्याच कामाचं इंकस्केप मोफत आहे आणि मराठी जोडाक्षरं नीट दाखवतं, म्हणून पुढची कृती त्यातली देतो.

कृती: भरीव शब्दापासून पोकळ शब्दापर्यंत

शब्द काळ्या, भरीव अक्षरांत टाइप करा. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका. इंग्रजी शीर्षकात अक्षरं सुटी केली की रुबाब येतो, आपल्याकडे शिरोरेषा तुटते. दोन अक्षरं फारच चिकटली असतील तर ती पुढच्या टप्प्यात हातानं सरकवावीत आणि मधली शिरोरेषा लांबवावी.

आता ‘पाथ’ मेनूतून ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ करून मजकुराचे आकार बनवा, गट सोडवा आणि सगळे आकार निवडून ‘युनियन’ करा, म्हणजे ते एकात मिसळा. सगळ्या कृतीतली कळीची पायरी हीच. युनियननंतर ‘सिंहगर्जना’ची शिरोरेषा एकसंध होते, वेलांटीचा दंड आणि काना तिच्यात मिसळतात, रफाराचं मूळही विरघळतं. ‘ग’चा डावा भाग आणि त्याचा दंड शिरोरेषेनं जोडलेले राहतात. अनुस्वार सुटा राहतो, तसाच राहू द्या. खात्री करायची असेल तर भरलेला रंग काढून नुसती बारीक कड पाहा. शब्दाच्या पोटात कुठेही जोडाची रेघ राहिली असेल तर तिथे आकार नुसते टेकलेले आहेत, मिसळलेले नाहीत. असा भाग एक-दोन एकक आत सरकवून पुन्हा युनियन करावं.

मग शब्द कलवा. ‘ट्रान्सफॉर्म’च्या खिडकीतल्या ‘स्क्यू’मध्ये आडवा कल १२ अंश द्या. शब्द डावीकडे झुकला तर चिन्ह उलटं करा. देवनागरीला १० ते १२ अंश पुरतात असं माझं मत आहे. आपल्या लिपीत उभे दंड इतके आहेत की थोडा कलही शब्दभर जाणवतो. १५ च्या पुढे गेलात तर शिरोरेषेवरची चिन्हं निसटायला लागतात.

बहुतेक जण इथेच थांबतात आणि कड काढून मोकळे होतात. पण यंत्रानं कलवलेलं अक्षर बिघडलेलं असतं आणि बिघाड कुठे आहे हे मोजता येतं. १२ अंशांच्या कलानं उभ्या दंडाची जाडी जेमतेम दोन टक्के घटते, ती दिसतही नाही. पण खालून वर उजवीकडे चढणारी ४५ अंशांची फांदी दहा टक्के बारीक होते, आणि वरून खाली उजवीकडे उतरणारी अकरा टक्के जाड. ‘स’मधल्या ‘र’चा पाय, एखाद्या शब्दातली मात्रा, हलन्ताचा पाय हे सगळे उतरणारे, म्हणून ते फुगतात. ‘व’ किंवा ‘ब’चा गोल पाहा: त्याचा वरचा-डावा भाग रोडावतो, खालचा-डावा जाड होतो आणि अक्षराचं पोट लोंबल्यासारखं दिसतं. भरीव अक्षरात हे खपून जातं. पोकळ अक्षरात दोन कडांमधली वाट कधी रुंद, कधी अरुंद झालेली उघडी पडते. म्हणून नोड, म्हणजे आकाराच्या कडेवरचे हलवता येणारे बिंदू, हातात घ्यावेत. ‘स’च्या पायाची आतली कड थोडी आत घ्यावी, गोलांचा खांदा थोडा भरावा, पोट थोडं वर उचलावं. दंडाइतकीच जाडी तिरप्या फांद्यांत आली की थांबावं.

दुसरी दुरुस्ती शिरोरेषेच्या वर. कल देताना जे जितकं उंच तितकं ते उजवीकडे सरकतं. शिरोरेषा ६५० एककांवर आणि वेलांटीचा माथा ९०० वर असेल तर माथा तिच्यापेक्षा आणखी ५३ एकक पुढे जातो. ‘सिं’मध्ये याचा परिणाम स्पष्ट दिसतो. वेलांटीची कमान ‘स’च्या दंडापलीकडे जाते आणि अनुस्वार ‘ह’च्या डोक्यावर जाऊन बसतो. वाचणारा क्षणभर अडखळतो, अनुस्वार कुणाचा? कमानीचं टोक मागे ओढून दंडाच्या रेषेत आणावं. अनुस्वाराचं टिंब निम्म्या अंतरानं मागे घ्यावं आणि कलल्यामुळे तो लांबट झालेला असतो, म्हणून त्या जागी नवा, नीट गोल किंवा फाँटच्या वळणाप्रमाणे चौकोनी ठिपका ठेवावा. रफारही ‘ज’च्या दंडावरच उभा दिसायला हवा, ‘न’कडे झुकलेला नको. खालच्या उकारांचं याच्या उलट होतं, ते डावीकडे जातात. दंडाला जोडलेला उकार कलासोबत नीट वाहतो, ‘ह’ किंवा ‘द’खालचा मात्र पाहून घ्यावा.

आता कड. ती सर्वांत शेवटी काढायची हा नियम मोडू नका. आधी कड काढून मग शब्द कलवला तर वर सांगितलेला बिघाड कडेच्या रेघेतही उतरतो, आणि ती दोन्ही बाजूंनी दुरुस्त करत बसावं लागतं. कड आतल्या बाजूला द्यायची की बाहेरच्या, हे कामावर अवलंबून आहे. मी आतल्या बाजूला देतो. शब्दाची बाहेरची आकृती जशी घडवली तशी राहते आणि ‘ह’च्या वळणांमधल्या फटी बुजत नाहीत. त्यासाठी शब्दाची प्रत काढून ‘इनसेट’नं कडेच्या जाडीइतकी आत ओढावी. खालचा मोठा शब्द गडद रंगात, वरचा लहान फिक्या रंगात. आरपार पोकळ हवा असेल तर मोठ्यातून लहान वजा करावा. कोपरे टोकदार ठेवायचे की गोल, ते फाँटवरून ठरवा. एकाच शब्दात दोन्ही आले की काम कच्चं दिसतं.

सावली द्यायची असेल तर

रेट्रो थाटाला सावली शोभते, पण दिशा आणि लांबी विचारपूर्वक निवडावी. उजवीकडे झुकलेल्या दंडाला उजवीकडे-खाली ४५ अंशांत सावली दिली तर ती डावीकडे-खाली दिलेल्या तेवढ्याच अंतराच्या सावलीपेक्षा जवळजवळ दीडपट रुंद दिसते, कारण डावीकडची सावली कलाच्या दिशेला जवळ असल्यामुळे दंडाआड लपते. देवनागरीत बरेच दंड अक्षराच्या उजव्या अंगाला असतात, त्यामुळे उजवी सावली सरळ, स्वच्छ पट्ट्यांसारखी पडते. मला तीच आवडते, फक्त अंतर कमी ठेवतो. सावली आणि कड यांच्यामध्ये कडेइतकीच मोकळी फट सोडली तर जुन्या पाट्यांचा रुबाब येतो.

वेबपानावर

दर वेळी चित्र बनवायचं नसेल तर ब्राउझरमधूनही काम भागतं. पानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएसमधल्या टेक्स्ट-स्ट्रोकनं रेघ द्यावी, अक्षराचा रंग पार्श्वभूमीचाच ठेवावा आणि पेंट-ऑर्डर बदलून आधी रेघ, मग रंग असा क्रम लावावा. सगळ्या शब्दाची रेघ आधी उमटते, तिच्यावर रंग चढतो आणि शिरोरेषेवरचे जोड झाकले जातात. रेघ अक्षराच्या कडेवर मधोमध बसते, तिचा आतला निम्मा भाग रंगाखाली जातो. म्हणून हवी त्याच्या दुप्पट जाडी सांगावी. रंग पारदर्शक ठेवलात तर सगळे जोड पुन्हा उघडे पडतील. फाँटला स्वतःचं इटॅलिक नसेल तर ब्राउझर यंत्रानं अक्षर कलवतो, म्हणजे वरच्या दुरुस्त्या त्यात नसणार. बातमीच्या मथळ्याला ते चालेल, संस्थेच्या नावाला नको.

पूर्ण फाँट करायचा असेल तर

एका शब्दात युनियन करता आलं, फाँटमध्ये अक्षरं सुटी राहतात. म्हणजे प्रत्येक अक्षराची शिरोरेषा वर एक पट्टी, खाली एक पट्टी अशी काढायची आणि दोन्ही टोकं उघडी ठेवायची, म्हणजे शेजारची पट्टी तिला भिडेल. टोक बंद करणारी कड फक्त शब्दाच्या सुरुवातीला आणि शेवटी हवी. ती संदर्भानुसार बदलणाऱ्या पर्यायी अक्षरांतून आणता येते. पण ‘ध’ आणि ‘भ’ची शिरोरेषा डावीकडे तुटलेली असते. म्हणजे ‘प्रभा’ लिहिताना ‘प्र’चं टोक शब्दाच्या मधेच बंद व्हायला हवं. ‘थ’लाही हाच नियम लावावा लागतो. शिवाय वेलांटी आणि मात्रा जिथे शिरोरेषेतून उगवतात तिथे वरची पट्टी तुटायला हवी. म्हणजे प्रत्येक अक्षराची प्रत्येक स्वरचिन्हासोबत वेगळी जोडणी करणं आलं. जोडाक्षरं धरली तर हा डोंगर होतो.

यातून सुटायला फिल्मवाल्यांची युक्ती घ्यावी. एकाच अंतरमापाचे दोन भरीव फाँट करायचे: एक मूळ, एक कडेच्या जाडीइतका फुगवलेला. खाली फुगवलेला गडद रंगात, वर मूळ फिक्या रंगात, मजकूर तोच, जागा तीच. गडद थरात गडद मिसळतं, फिक्यात फिकं, जोड कुठेच दिसत नाहीत, आणि सावलीसाठी तिसरा थर जोडता येतो. डेव्हिड जोनाथन रॉस यांचा ‘बंजी’ हा इंग्रजी पाट्यांसाठीचा फाँट अशाच थरांचा आहे, त्याची रचना उघडून अभ्यासावी. दोन्ही थर एकाच रंगीत फाँटमध्ये भरण्याचा मोह होईल, पण तिथे एक अक्षर दोन्ही थरांसकट रंगवून झाल्यावरच पुढचं सुरू होतं. पुढच्याची गडद कड आधीच्या फिक्या शिरोरेषेवर चढते आणि जोड परत येतो. दोन सुटे फाँट आणि एकावर एक दोन मजकूर-चौकटी, हेच बरं.

कुठे वापरावं, कुठे नाही

एक ते तीन शब्दांचं नाव, मोठं, थोड्या मोकळ्या जागेत ठेवलेलं, हे या अक्षराचं घर. संघाचं नाव, पथकाचं नाव, स्पर्धेचं शीर्षक, व्हिडिओचं मुखचित्र, दिवाळी अंकातल्या एखाद्या विशेष विभागाचा मथळा इथे ते शोभतं. पत्ता, फोन नंबर, प्रमुख पाहुण्यांची यादी सरळ, साध्या ‘मुक्ता’त लावावी. श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर हे अक्षर अजिबात नको. गाडीच्या काचेवर हौसेनं लावा, नंबरप्लेटवर नको. तिथल्या अक्षरांची मापं मोटार वाहन नियमांनी ठरलेली आहेत. जर्सीवर देवनागरी अंक घेणार असाल तर १ आणि ९ मैदानाच्या पलीकडून वेगळे ओळखता येतात का ते कापडावर छापून पाहा. शंका आली तर अंक भरीव ठेवा आणि नाव तेवढं पोकळ.

मागे गजबजलेला फोटो असेल तर आरपार पोकळ अक्षर वाचताच येत नाही. आतला फिका रंग भरलेलाच ठेवा. पिवळ्यावर लाल कड, पांढऱ्यावर गर्द निळी, या जोड्या दुरून चांगल्या उठतात. लाल-हिरवा एकमेकांशेजारी टाळा, काहींना त्या दोन रंगांतला फरकच दिसत नाही.

छपाईवाल्याला काय द्यावं

फाँट न देता आकार बनवलेली पीडीएफ द्या. युनियन झालेली प्रत आणि कड काढलेली प्रत अशा दोन्ही. रेघ ‘स्ट्रोक’ म्हणून ठेवू नका, तिचाही आकार करून घ्या. नाहीतर फाइल दहापट मोठी करताना रेघ जुन्याच जाडीची राहण्याचा धोका असतो आणि फ्लेक्सवर केसाएवढी दिसते. रेडियम कटिंगला द्यायचं असेल तर प्रत्यक्ष मापात कड निदान तीन मिलिमीटर ठेवा. त्याहून बारीक पट्टी चिकटवताना ताणली जाते आणि उन्हापावसात उचटते. ‘सिंहगर्जना’तला अनुस्वार सुटा तुकडा आहे, कटिंग झाल्यावर टाकाऊ भाग सोलताना तोच आधी निघून जातो. रेडियमवाल्याला तो दाखवून ठेवा आणि एकाच शीटवर दोन-तीन जादा ठिपके कापून घ्या.